ओहोटीनंतरची फेरी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मात्र विचारू नका. खाडी तेव्हाही होती, भरती-ओहोटी तेव्हाही होती आणि माणसाला कंटाळाही तेव्हा आजच्यासारखाच येत असे.

त्या खाडीच्या काठाला एक लहानसं गाव होतं. गावाला जमीन भरपूर, पण सगळी सखल. भरती आली की खाडीचं खारं पाणी जमिनीत शिरायचं आणि ओहोटीबरोबर परत जाताना मिठाचा पांढरा थर मागे ठेवून जायचं. अशा जमिनीत काय पिकणार? गवतसुद्धा जेमतेम उगवायचं. गावातली माणसं पोटासाठी लांबच्या मिठागरांवर कामाला जात आणि तांदूळ परगावाहून आणून खात.

या गावात हिराजी नावाचा एक माणूस राहत होता. देवानं त्याला एक वेगळीच देणगी दिली होती. तो बोलायला लागला की बसलेला माणूस उभा राहायचा आणि उभा असलेला चालायला लागायचा. कुणाचं घर शाकारायचं असो, नाव पाण्यात ढकलायची असो, हिराजी नुसता येऊन उभा राहिला तरी लोकांच्या अंगात बळ यायचं. स्वतः हिराजीच्या अंगात तर उत्साह नुसता उकळत असायचा.

पण उकळतं दूध जसं भरकन वर येतं आणि चुलीवरून उतरवलं की खाली बसतं, तसं त्याचं होतं. त्याच्या अंगणात कमरेइतकी खोल विहीर होती. त्याखाली खणायचा त्याला कंटाळा आला होता. बामीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तिच्यात भोपळ्याचा वेल लावला होता. वळचणीला अर्धं विणलेलं जाळं लोंबत होतं. शेळ्यांसाठी बांधायला घेतलेल्या गोठ्याला तीन भिंती होत्या. चौथी नव्हती, पण दरवाजा मात्र तयार होता. चांगला जाडजूड सागाचा दरवाजा, नुसताच भिंतीला टेकवून ठेवलेला.

बामी त्याला बोलत नसे. शेजारणी चेष्टा करू लागल्या की ती म्हणे, "आमच्या घरात सुरुवातींना तोटा नाही हो, शेवटच तेवढे हुडकायचे राहिलेत."

एकदा हिराजी खाडीपलीकडच्या गावी लग्नाला गेला. तिथे त्यानं जे पाहिलं त्यानं त्याची झोपच उडाली. त्या गावच्या लोकांनी खाडीच्या कडेनं मातीचा उंच बांध घातला होता. भरतीचं पाणी बांधापर्यंत यायचं आणि मुकाट्यानं परत जायचं. बांधाच्या आत हिरवंगार भात डुलत होतं. बांधात एका जागी लाकडाची झडप होती. तिला ते उघाडी म्हणत. भरतीच्या रेट्यानं ती आपोआप मिटे आणि ओहोटी लागली की उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडे.

हिराजी लग्नाचं जेवणही न जेवता परत आला.

"अरे, आपल्या पायाखाली भाताचं कोठार आहे आणि आपण मीठ उपसत हिंडतोय!" तो घरोघरी जाऊन सांगू लागला. "एक बांध! फक्त एक बांध घालायचा! पुढच्या वर्षी आपल्या पोरांच्या ताटात आपल्याच शेतातला भात असेल!"

म्हातारेकोतारे आधी हसले. पण हिराजीचं बोलणं म्हणजे हिराजीचंच बोलणं. पाटलांनी मान डोलावली, बायांनी टोपल्या काढल्या, मिठागरावरची माणसं घरी परतली. शिमगा झाला आणि सगळं गाव चिखलात उतरलं. सगळ्यांच्या पुढे हिराजी. पहाटे पहिली कुदळ त्याची, दुपारच्या उन्हात पहिलं गाणं त्याचं. माणसं थकून बसली की तो म्हणायचा, "हा एवढा तुकडा उरकू आणि मग पाणी पिऊ," आणि लोक हसत हसत पुन्हा टोपली उचलायचे. पावसाळ्याच्या तोंडावर बांध पुरा झाला. उघाडीपाशी नारळ फुटला. हिराजीच्या आयुष्यात शेवटाला गेलेलं ते पहिलंच काम होतं.

निदान त्याला तसं वाटलं.

नारळाचा प्रसाद वाटून झाल्यावर पाटील म्हणाले, "बांध झाला, आता त्याची राखण. ह्या चिखलात चिंबोऱ्या आहेत, खेकड्यांची जात ती. त्या बांध पोखरणार, बिळं करणार. दिवसाची भरती ओसरली की कुणीतरी टोकापासून टोकापर्यंत चालत जायला हवं. बीळ दिसलं की मातीचा गोळा कोंबायचा, टाचेनं दाबायचा. उघाडीत काटकी अडकली असेल तर काढायची. एवढंच काम आहे. पण ते रोजचं आहे. जो करील त्याचं शेत गाव लावून देईल. कोण जातो?"

लगेच हिराजीचा हात वर गेला.

"मी! दुसरं कोण जाणार?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. काथोडदादांनी मात्र टाळी वाजवली नाही. काथोडदादा हा वयानं मोठा, कमी बोलणारा माणूस. त्याचं शेत बांधाला अगदी खेटून होतं.

"हिराजी," तो म्हणाला, "रोज म्हणजे रोज, हां."

"दादा, हे काय सांगायला हवं?"

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. ओहोटी लागली की हिराजी खांद्यावर फावडं टाकून निघायचा. बीळ दिसलं की, "काय चिंबोरीबाई, माझ्या बांधात घर करतेस?" असं म्हणत माती कोंबायचा. शेतातून लोक हाका मारायचे, "काय हिराजी, बांध ठीक ना?" आणि तो ओरडायचा, "हिराजी असताना बांधाला काय होतंय!"

पाऊस लागला. गावात भाताचं रोप तरारलं, लावणी सुरू झाली. माणसं आपापल्या शेतात वाकली आणि बांधाकडे मान वर करून बघायला कुणाला सवड राहिली नाही. आता हिराजी इरलं डोक्यावर घेऊन जायचा, यायचा, पण हाक मारणारं कुणी नव्हतं. भरती येत होती, बांध उभा होता, भात वाढत होतं. कुठेच काही घडत नव्हतं. आणि ज्या दिवशी काही घडत नाही, त्या दिवसाचं कौतुक कोण करणार?

हिराजीच्या पायांतला जोर हळूहळू गळायला लागला. तोच चिखल, तीच बिळं. काल बुजवली तिथेच आज पुन्हा. एके दुपारी तो फावडं घेऊन दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर बसला.

"आज मन लागत नाही बघ," तो बामीला म्हणाला. "ओढूनताणून गेलं तर काम नीट होत नाही. उद्या हुरूप आला की दुप्पट बघून येईन."

दुसऱ्या दिवशीही हुरूप आला नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला, पण निम्म्या वाटेवरून फिरला. आणि वाईट झालं ते असं, की काहीच वाईट झालं नाही. बांध होता तसाच उभा. हिराजीला वाटलं, बघा, रोज जायची गरजच नव्हती. मग तो हुरुपाची वाट बघत बसायला लागला. पाहुण्याची वाट बघावी तशी. आला तर आला.

बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात नवीच कल्पना आली. या बांधाच्या पुढे, खाडीत आणखी आत, दुसरा मोठा बांध घातला तर? काय जमीन मिळेल! त्या विचारानं तो असा पेटला की काडी घेऊन अंगणात रेघा ओढत बसला. इकडे ओहोटी लागली, सरली, पुन्हा भरती आली, त्याला पत्ताही नाही.

बामी म्हणाली, "अहो, आधीच्या बांधावर जाऊन या की."

"त्यात काय बघायचंय? तो झालाय."

आषाढातली अमावास्या आली. अमावास्येला खाडीला उधाण येतं, पाणी नेहमीपेक्षा हातभर वर चढतं, आणि तेही भर दुपारी. गाव जेवायला बसलं होतं. हिराजीनं पहिला घास घेतला असेल नसेल, एवढ्यात काथोडदादांच्या शेताकडून आरोळी आली.

"पाणी शिरलं! बांध फुटला!"

हिराजी हातचा घास टाकून धावला. काथोडदादांच्या शेताच्या कोपऱ्यावर, बांधाच्या पोटात, बैल आत जाईल एवढं भगदाड पडलं होतं. त्यातून गढूळ पाणी धो धो आत येत होतं आणि दर लाटेबरोबर कडेची माती ढासळत होती. दादांचं निम्मं शेत केव्हाच बुडालं होतं. पलीकडे सगळ्या गावाचं भात उभं होतं.

लोक बांधावर जमले खरे, पण जो तो जागच्या जागी थिजला. कुणी कपाळाला हात लावला, कुणी रडायला लागलं. एक जण म्हणाला, "गेलं सगळं. आता काही होत नाही."

"कोण म्हणतो होत नाही?" हिराजी गरजला. "उधाण काय दिवसभर राहतंय? थोडा वेळ पाणी अडवलं की ओहोटी लागते! बायांनो, शाकारणीचा पेंढा आणा, असेल नसेल तेवढा! गड्यांनो, माझ्या गोठ्याला दरवाजा टेकवलेला आहे, तो उचलून आणा! बाकीच्यांनी हातात हात घालून उतरा माझ्यामागे!"

आणि तो स्वतः भगदाडात उतरला. छातीपर्यंत पाणी. त्याला बघून दुसरा उतरला, मग तिसरा, मग ओळच लागली. दरवाजा आला, तो आडवा लावून माणसांनी पाठीनं रेटून धरला. मागून पेंढ्याचे भारे, त्यावर माती, पुन्हा पेंढा, पुन्हा माती. कुणाचा हात सुटायला लागला की हिराजीचा आवाज यायचा, "धर रे! पाणी थकत आलंय! धर!" पाणी थकलं नव्हतं. पण त्याच्या बोलण्यानं माणसं थकायची विसरली.

अखेर भरती थांबली. पाणी घटकाभर घुटमळलं आणि मग मागे सरायला लागलं. दादांचं निम्मं शेत गेलं होतं. बाकी गाव वाचलं होतं.

चिखलानं माखलेली माणसं बांधावर कोसळली आणि मग एकदम सगळ्यांना बोलायचं सुचलं. "हिराजी होता म्हणून वाचलो!" "काय उतरला तो, वाघासारखा!" पाटलांनी आपल्या डोक्याचा फेटा काढला. "हिराजी," ते म्हणाले, "हा फेटा आज तुझ्या डोक्यावर शोभेल. पुढे ये."

हिराजी उभा राहिला. कौतुक ऐकताना एरवी त्याची छाती फुगायची. आज त्याची नजर खाली, शेतात गेली. काथोडदादा गुडघाभर खाऱ्या पाण्यात वाकून भाताची रोपं उपटत होता. शेताच्या उंच भागात साठलेल्या पावसाच्या पाण्यात एकेक मूठ धुवून बाजूला ठेवत होता. काही वाचली तर वाचली. तो कुणाला काही म्हणत नव्हता. वरही बघत नव्हता.

हिराजीला कळत होतं, की आपण बोललो नाही तर कुणाला कधीच कळणार नाही. चिंबोरी कुणाला सांगायला येत नाही. फेटा पुढे आला होता. नुसतं डोकं वाकवायचं होतं.

"पाटील," तो म्हणाला, "तो फेटा राहू द्या."

"का रे?"

"किती तरी दिवस झाले, मी बांधावर फिरकलो नव्हतो. हे एवढं भगदाड एका दिवसात पडत नाही. मुठीएवढं बीळ असतानाच मी ते बुजवलं असतं, तर आज कुणाला पाण्यात उतरावं लागलं नसतं. दादांचं शेत मी बुडवलं."

पाटलांनी फेटा पुन्हा गुंडाळला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मग कशाला हात वर केला होतास? आम्ही तुझ्या भरवशावर झोपलो! गाववाल्यांनो, आजपासून दुसरा माणूस नेमा."

हिराजीला भडभडून आलं. "पाटील, असं करू नका. मी आता दिवसातून तीनदा जाईन! अनवाणी जाईन! भात घरात येईपर्यंत गोडधोड खाणार नाही, अंथरुणावर झोपणार नाही..."

"पुरे," खालून आवाज आला. काथोडदादा हातात रोपांची मूठ घेऊन बांधावर चढत होता. सगळे बाजूला झाले. आता हा काय बोलतो, म्हणून हिराजीनं मान खाली घातली.

"तीनदा नको," दादा म्हणाला. "अनवाणी नको, गोड सोडणं नको. पुन्हा तू एवढं मोठं बोललास की मला भीती वाटते. एकदा जा. मन असो, नसो, एकदा जा. बस."

मग तो पाटलांकडे वळला. "पाटील, ह्यालाच राहू द्या."

"दादा, तुमचं शेत गेलं, आणि तुम्हीच म्हणता?"

"दुसरा नेमलात तर त्यालाही महिन्याभरात कंटाळा येईल. तो यायचाच, तुम्हाला आला असता, मलाही आला असता. ह्याला येऊन तरी गेलाय. कंटाळ्यानं काय होतं ते ह्यानं छातीएवढ्या पाण्यात उभं राहून बघितलंय."

पाटील म्हणाले, "ठीक. पण हिराजी, ह्या खेपेला टाळ्या नाहीत."

"नकोत," हिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागली. हिराजी चुलीपाशी बसून होता. मनात उत्साहाचा मागमूस नव्हता, नुसती शरम होती. बांधावर गेलं की लोक बघणार, कुजबुजणार. पाय उचलत नव्हता. बामी भाकऱ्या भाजत होती.

"बामी, तुला रोज रोज चुलीपुढे बसायचा कंटाळा येत नाही?"

"येतो की."

"येतो?" हिराजीला नवल वाटलं. त्यानं तिला कधी कंटाळलेली पाहिली नव्हती. "मग काय करतेस?"

"काय करायचं? तोही येतो, मीही येते. तो बसतो माझ्या शेजारी, मी पीठ मळते. दोन-चार भाकऱ्या होईपर्यंत कुरकुरतो. मग कधी निघून जातो, तर कधी शेवटच्या भाकरीपर्यंत बसून राहतो." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तो जायची वाट बघत बसले असते तर तुम्ही उपाशी मेला असता."

हिराजी बघतच राहिला. आजवर त्याला वाटत होतं, की जे लोक रोज काम करतात त्यांना रोज हुरूप येत असणार. आपल्यालाच तो अधूनमधून येतो, आपल्यात काहीतरी कमी आहे. आणि इथे तर हुरुपाला कुणी विचारतच नव्हतं!

तो उठला. कंटाळा, शरम, सगळं बरोबर घेऊन निघाला. पहिल्या बिळाशी वाकला तेव्हा कंबर दुखली. दुसऱ्या बिळाशी पाऊस आला. तो तोंडानं पुटपुटत, स्वतःला, चिंबोऱ्यांना, खाडीला शिव्या देत चालला. उघाडीपाशी अडकलेली फांदी काढली तेव्हा आत साठलेलं पाणी खळाळत बाहेर धावलं. ते बघताना त्याला जरा बरं वाटलं. परतताना पाहिलं तर शिव्या कधीच थांबल्या होत्या आणि तो चक्क गुणगुणत होता.

त्यानं एक गोष्ट मनाशी पक्की केली. जायचं की नाही, हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही. उघाडीचं पाणी बाहेर पडायला लागलं की उठायचं. चिलीम हातात असली तर खाली ठेवायची, गप्पा चालू असल्या तर मोडायच्या. भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरके, तशी त्याची फेरीही सरके. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीच्या आधी. काही दिवस मजेत गेले. काही दिवस पहिल्या बिळापासून शेवटच्या बिळापर्यंत वैताग आला. पण बीळ बुजवताना माती काही विचारत नाही, की बाबा तू हसत आलास की रडत. टाचेनं दाबली की बसते.

म्हणून त्याच्यातला तो उत्साह वाया गेला का? मुळीच नाही. मधल्या काळात जोराचा पाऊस झाला आणि दादांच्या शेतातलं मीठ धुऊन निघालं. जमीन पुन्हा लावायजोगी झाली, पण रोपं कुठून आणायची? दादा तर कुणाकडे मागणारा माणूस नव्हता. तेव्हा एके सकाळी हिराजी पुन्हा घरोघरी हिंडला.

"प्रत्येक घरानं आपल्या रोपांतली एक मूठ द्यायची! एक मूठ दिल्यानं कुणाचं शेत उघडं पडत नाही, आणि दादांचं भरतं! चला, आज माझ्यामागे सगळ्यांनी वाकायचं!"

त्याचं बोलणं ऐकून तांबडं फुटायच्या वेळी आळसावलेलं गाव ऊन वर येईपर्यंत दादांच्या शेतात उतरलं. बाया गाणी म्हणत होत्या, चिखल उडत होता, पाटीलसुद्धा धोतर खोचून आले होते. जेवणवेळेला शेत हिरवं झालं. काथोडदादा बांधावर उभा होता. तो एवढंच म्हणाला, "हिराजी, हे मला शंभर वर्षांत जमलं नसतं."

"आणि ते तुमच्यावाचून मला जमलं नसतं," हिराजी बांधाकडे बोट करून म्हणाला. मग त्यानं उघाडीकडे पाहिलं. पाणी बाहेर पडायला लागलं होतं. लोक अजून हसत-बोलत होते, कुणी गूळ वाटत होतं. त्यानं आपल्या वाटणीचा खडा तोंडात टाकला, फावडं उचललं आणि चालू लागला.

दिवाळी सरता सरता कापणी झाली. तांबूस, जाड दाण्याचं भात घरोघर आलं. दादांच्या शेताचं सगळ्यांत शेवटी, पण आलं. गावानं ठरवलं, की नव्या तांदळाचं पहिलं जेवण सगळ्यांनी मिळून जेवायचं. पौर्णिमेचा दिवस धरला. देवळापुढच्या अंगणात मोठमोठी पातेली चढली. एवढ्या माणसांचा स्वयंपाक, पंगती बसायला दुपार कलंडली.

वाफाळता भात पानांवर पडला. त्या वासानं म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या मातीतला भात त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. हिराजी पानावर बसला, आमटीसाठी भातात आळं केलं, आणि देवळाच्या पायरीवरून त्याला खाडी दिसली. पाणी उतरू लागलं होतं.

शेजारी बसलेला गडी म्हणाला, "आज एक दिवस राहू दे की! पिकाची कापणी झाली. शेतात आहे काय आता बुडायला?"

बोलणं खोटं नव्हतं. शिवाय हिराजीला मनापासून बसून राहावंसं वाटत होतं. भात गरम होता, माणसं आनंदात होती, आणि पुन्हा बांधाचा चिखल तुडवायची इच्छा तर तसूभरही नव्हती.

पण शेतात पीक नसलं तरी जमीन होतीच, आणि एकदा खारं पाणी शिरलं असतं तर पुढच्या वर्षीच्या लावणीला ते भोवलं असतं. ह्याचाही विचार हिराजीनं फार केला नाही. त्यानं पानावर दुसरं पान झाकलं, बामीला खुणेनं सांगितलं आणि उठला.

कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पंगतीत हशा चालला होता, वाढपी धावत होते, कुणीतरी आणखी आमटी मागत होतं. हिराजी देवळामागून खाली उतरला आणि बांधावर चढला. तिरपं ऊन पडलं होतं. बांधाच्या एका अंगाला ओहोटीचा चिखल चमकत होता, दुसऱ्या अंगाला कापणीनंतरची रिकामी शेतं पसरली होती. तो सावकाश चालत टोकापर्यंत गेला, उघाडीची झडप हातानं हलवून पाहिली आणि त्याच वाटेनं परत आला.

तोवर पंगती उठल्या होत्या. बामी त्याचं झाकलेलं पान घेऊन पायरीवर बसली होती. तिनंही अजून घास घेतला नव्हता.

"काही होतं का हो?" तिनं विचारलं.

"काही नव्हतं."

"बीळबीळ?"

"एकसुद्धा नाही."

बामीनं भातावर गरम आमटी ओतली. हिराजी तिच्या शेजारी बसला आणि पोटभर जेवला. एवढी फेरी मारून काहीच सापडलं नाही, ह्याचं एके काळी त्याला वाईट वाटलं असतं. आज त्या वाक्याचा त्याला भातापेक्षा जास्त गोडवा वाटत होता. काही नव्हतं. सगळं ठीक होतं.

आणि मुलांनो, त्या गावाची जमीन पुढे कित्येक वर्षं पिकत राहिली.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: उत्साह आला की त्याचं स्वागत करावं, त्याच्या बळावर मोठं काम उभं करावं आणि चार माणसांनाही उभं करावं. पण उभं केलेलं टिकतं ते रोजच्या फेरीनं, आणि त्या फेरीला निघताना मनाची परवानगी मागत बसू नये.